मागून येणाऱ्याची वाट

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नातील शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी थेरेसे हेलर या ४३ वर्षांच्या बाईंचे पोट उघडले. जठराच्या खालच्या तोंडाशी कर्करोगाची गाठ वाढली होती. खाल्लेले पुढे सरकत नव्हते, उलटून पडत होते. बाई डोळ्यांदेखत उपासमारीने खंगत चालल्या होत्या. पॅरिसच्या पेआन यांनी १८७९ साली आणि पोलंडच्या रिडिगिएर यांनी १८८० साली अशी गाठ कापून काढण्याचा प्रयत्न केला होता. दोघांचेही रुग्ण दगावले होते. बिलरोथ यांनी गाठीसह जठराचा खालचा भाग काढला आणि उरलेले जठर आतड्याच्या पहिल्या भागाला शिवून टाकले. हेलरबाई उठल्या, जेवू लागल्या. रोग आधीच पसरलेला असल्यामुळे सुमारे चार महिन्यांनी त्या गेल्या. पण माणसाच्या जठराचा तुकडा काढूनही माणूस जगू शकतो, जेवू शकतो, हे जगाला कळले.

बिलरोथ हे संगीतकार ब्राम्स यांचे जिवलग मित्र. ब्राम्स यांनी आपल्या दोन तंतुवाद्य-चतुष्टय रचना त्यांना अर्पण केल्या आहेत. असा रसिक आणि धाडसी माणूस एका शस्त्रक्रियेवर थांबणारा नव्हता. १८८५ साली त्यांनी दुसऱ्या एका रुग्णात वेगळी जोडणी केली. तेव्हा त्यांनी आतड्याचा पहिला भाग वरून शिवून बंद केला आणि जठर थेट पुढच्या आतड्याला जोडले. शल्यशास्त्रात या दोन जोडण्यांना आजही ‘बिलरोथ एक’ आणि ‘बिलरोथ दोन’ म्हणतात. दुसऱ्या जोडणीत आतड्याचा पहिला भाग एका तोंडाने बंद झालेला बोळ बनला. अन्न आता त्या बोळात शिरतच नव्हते.

त्या बोळात एक छोटे दार होते. त्या दाराशी तोंडावाटे जाण्याची गरज कुणाला पडेल, असे १८८५ साली बिलरोथ यांना वाटण्याचे काहीच कारण नव्हते. नव्वदएक वर्षांनी ती गरज पडली, आणि मग त्या दारापर्यंत पुन्हा कसे पोहोचायचे हा वैद्यकापुढचा मोठा प्रश्न होऊन बसला. हा लेख त्या दाराचा आणि त्याच्या हरवलेल्या व पुन्हा शोधलेल्या वाटांचा आहे.

दार कुठे आहे

निसर्गाने केलेली रचना साधी आहे. अन्न जठरातून आद्यांत्रात उतरते. आद्यांत्र म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. त्याच्या लॅटिन नावात ‘बारा बोटे’ असा अर्थ आहे. लांबी साधारण वीतभर. स्वादुपिंडाच्या डोक्याला ते इंग्रजी सी अक्षरासारखा वळसा घालते. या वळशाच्या आतल्या बाजूला स्तनाग्रासारखा एक लहानसा उंचवटा असतो. विटेनबर्गचे आब्राहाम फाटर यांनी १७२० साली त्याचे वर्णन केले, म्हणून तो फाटरचा उंचवटा. त्याच्या टोकाला काही मिलिमीटरचे छिद्र असते. यकृतात रोज तयार होणारे अर्धा ते एक लिटर पित्त आणि स्वादुपिंडाचा पाचक रस या छिद्रातून आतड्यात येतात.

पित्तनलिकेत खडा अडकला, गाठ झाली किंवा नलिका आकसली की पित्त तुंबते. डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर कावीळ, पोटदुखी आणि थंडी वाजून ताप अशी तिन्ही लक्षणे एकत्र येतात. पॅरिसच्या शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच ही तिकडी नोंदवून ठेवली आहे. या अवस्थेत पित्ताला वाट करून दिली नाही, तर रुग्ण काही तासांत किंवा दिवसांत हाताबाहेर जातो.

त्या काळी वाट करून द्यायची तर पोट उघडण्यावाचून उपाय नव्हता. बर्लिनमध्ये कार्ल लांगनबुख यांनी १८८२ साली पहिल्यांदा पित्ताशय काढून टाकले. बाझेलच्या कुर्व्हॉइझिए यांनी १८९० साली मुख्य पित्तनलिका उघडून खडा काढला. म्हणजे ज्या दशकात बिलरोथ जठराची वाट बदलत होते, त्याच दशकात पित्ताच्या नळीत शिरण्याचे मार्गही शोधले जात होते. दोन्ही कामे सुरीचीच होती, त्यामुळे ती एकमेकांच्या आड येत नव्हती. पोट उघडले की सगळे समोर दिसते. तिथे वाट वाकडी की सरळ, याने फारसा फरक पडत नाही.

रू यांचा तिठा

जठर थेट आतड्याला जोडले की एक नवी तक्रार उभी राहायची. पित्त उलटे जठरात शिरायचे आणि रुग्णाला हिरव्या-पिवळ्या कडू उलट्या व्हायच्या. स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी सेझार रू यांनी १८९० च्या दशकात यावर इलाज बसवला. रू हे बर्नच्या थिओडोर कोखर यांच्या हाताखाली तयार झालेले. बिलरोथ यांचे सहकारी व्होल्फ्लर यांना ही कल्पना आधी सुचली होती. पण ती पद्धतशीर वापरून तिला मान्यता मिळवून दिली रू यांनी, म्हणून नाव त्यांचे लागले.

त्यांनी लहान आतडे एका जागी पूर्ण कापले. खालचे टोक वर ओढून जठराला जोडले. वरचे टोक, ज्यातून पित्त वाहत येते, ते बरेच खाली आणून आतड्याच्या कुशीत जोडले. एका वाटेने अन्न येते, दुसऱ्या वाटेने पित्त, आणि दोन्ही खाली एकत्र मिळून पुढे जातात. इंग्रजी वाय अक्षरासारखी ही आकृती. कोकणात तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिठा म्हणतात. रू यांनी पोटात तिठा बांधला असे म्हटले तरी चालेल. पित्ताला मागे यायचे तर तिठ्यापासून वर हातभर आतडे चढावे लागेल, आणि ते त्याला जमत नाही.

ही जोडणी इतकी भरवशाची निघाली की पुढच्या शंभर वर्षांत तिचा उपयोग जठरापुरता राहिला नाही. पित्तनलिका कापली गेली, आकसली किंवा काढावी लागली, की तिठ्याची एक शाखा वर नेऊन थेट यकृताखालच्या नलिकेला जोडता येते. बर्लिनच्या काउश यांनी १९०९ साली आणि न्यूयॉर्कच्या अॅलन व्हिपल यांनी १९३५ पासून स्वादुपिंडाच्या डोक्याची गाठ आद्यांत्रासकट काढण्याची शस्त्रक्रिया घडवली. त्यातही काढलेल्या नळ्यांची तोंडे आतड्याला नव्या जागी जोडावी लागतात. त्या रुग्णाच्या पोटात मग फाटरचा उंचवटाच राहत नाही.

आपल्याकडेही या जोडणीचा संबंध बऱ्याच घरांशी येतो. १९९० साली मुंबईत तेहेम्टन उडवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली. चार छोट्या छिद्रांतून होणारी ही शस्त्रक्रिया पाहता पाहता गावोगावी पोहोचली आणि लाखो लोकांची मोठ्या चिऱ्यातून सुटका झाली. पण नवे तंत्र हाती बसेपर्यंतच्या काळात पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण जगभर वाढले. अशी इजा दुरुस्त करायची ती बहुधा रू यांच्याच तिठ्याने. ती जोडणी वर्षानुवर्षे छान चालते आणि एखाद्याच्या बाबतीत दहा वर्षांनी आकसते. तेव्हा पुन्हा कावीळ येते, पुन्हा ताप येतो.

तोंडावाटे

दरम्यान पोट न उघडता आत पाहण्याची विद्या वाढत होती. लंडनमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. काचेच्या केसासारख्या तंतूंची जुडी वाकवली तरी एका टोकाचे चित्र दुसऱ्या टोकाला दिसते, हे त्यांनी दाखवले. बेसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत मिशिगन इथे त्या तत्त्वावर वाकणारी दुर्बीण बनवून घेतली. १९५७ साली त्यांनी ती आधी स्वतः गिळून पाहिली आणि मगच रुग्णाच्या घशात घातली.

१९६८ साली वॉशिंग्टनमधले शल्यविशारद विल्यम मॅक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दुर्बिणीतून फाटरच्या उंचवट्यात बारीक नळी सरकवल्याचे जाहीर केले. नळीतून औषध सोडून क्ष-किरणांखाली नलिकेचे चित्र घेता आले. जपानमध्ये इतारू ओई आणि इतरांनी, तिथल्या दुर्बीण बनवणाऱ्या कारखान्यांच्या साथीने, हे कौशल्य लवकरच रोजच्या वापरात आणले. त्यांच्या दुर्बिणीची नजर समोर नसून बाजूला होती. उंचवटा आतड्याच्या भिंतीवर असतो. समोर पाहणाऱ्या दुर्बिणीला तो कडेने ओझरता दिसतो, बाजूला पाहणारीला थेट समोर. शिवाय तिच्या टोकाशी एक छोटी तरफ असते, तिने आतली नळी वर उचलून नेम धरता येतो.

पाहता आले की हात शिवशिवणारच. जर्मनीत एर्लांगेनचे क्लासेन व डेमलिंग आणि जपानात क्योतोचे कावाई यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे विजेच्या तारेने ते छिद्र कापून रुंद केले आणि खड्यांना वाट करून दिली. दोघांचे वृत्तांत १९७४ साली छापून आले. हॅम्बुर्गमध्ये निब सुहेंद्रा यांनी १९७९ साली आकसलेल्या नलिकेत प्लॅस्टिकची नळी बसवून दाखवली. तिला आज सगळे स्टेंट म्हणतात. दहा-बारा वर्षांत एक मोठी शस्त्रक्रिया तासाभराच्या कामावर आली. आपल्या रुग्णालयांच्या पाट्यांवर ‘ईआरसीपी’ म्हणून दिसते ती हीच प्रक्रिया. अनुभवी हातांत ती शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांत यशस्वी होते.

मात्र ही सगळी विद्या निसर्गाने आखलेल्या रस्त्यावर उभी होती. अन्ननलिका, जठर, आद्यांत्र, वळसा, उंचवटा. रस्ता बदललेला असेल तर काय?

उलटे दिसणारे दार

सत्तरच्या दशकात खड्यांची कावीळ होऊन येणाऱ्या वयस्क रुग्णांत कितीतरी जणांचे जठर पूर्वी अल्सरसाठी कापलेले असायचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या सहा-सात दशकांत अल्सरवर खात्रीचा उपाय शस्त्रक्रियाच होता आणि बिलरोथ दोन ही तर घरोघरची जोडणी झाली होती. अशा रुग्णाच्या जठरातून दुर्बीण बाहेर पडली की समोर दोन भोके दिसतात. एक अन्नाची पुढची वाट, दुसरी बंद बोळाची. बोळ कोणता हे ओळखून त्यात खालून वर चढत जायचे. बंद टोकाजवळ उंचवटा सापडतो, पण उलटा. नेहमीच्या रुग्णात पित्तनलिका घड्याळातल्या अकराच्या दिशेने वर जाते. इथे ती पाचच्या दिशेने दिसते. वर्षानुवर्षे हाताला लागलेली सवय इथे उलटी पडते. नेहमीची कापणारी तार नको त्या बाजूला वळते. म्हणून काहींनी उलट्या वळणाच्या तारा बनवल्या. काहींनी आधी नलिकेत स्टेंट ठेवून त्याच्या रेषेवर कापायला सुरुवात केली, तर काही जण न कापता फुग्याने छिद्र रुंद करू लागले.

दुर्बीण कोणती घ्यायची, यावरही वाद होता. बाजूला पाहणारी दुर्बीण उंचवट्यासमोर उत्तम, पण बोळातून वर चढताना पुढचे वळण तिला दिसत नाही. १९९७ साली कोरियातल्या डॉक्टरांनी दोन्ही प्रकारांची शिस्तशीर तुलना प्रसिद्ध केली. आतड्याला भोक पडण्याच्या घटना बाजूला पाहणाऱ्या दुर्बिणीच्या गटातच घडल्या होत्या. नेम चांगला हवा की वाट दिसायला हवी, ही निवड तेव्हापासून या कामाच्या मुळाशी आहे.

मग हा प्रश्न आपोआप सुटेल असे वाटू लागले. १९७६ साली सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारे औषध ब्रिटनच्या बाजारात आले, पुढच्या दशकात ओमेप्रॅझोल आले. ऑस्ट्रेलियातल्या वॉरेन आणि मार्शल यांनी अल्सरमागे एक जंतू असल्याचे दाखवले आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. अल्सरची शस्त्रक्रिया पाठ्यपुस्तकात जाऊन बसली. बिलरोथची बोळे असलेले रुग्ण वयपरत्वे कमी होत जाणार, असा हिशेब होता.

जुनी वाट, नवे कारण

हिशेब चुकला तो अमेरिकेतल्या आयोवामध्ये, एका साध्या निरीक्षणामुळे. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या बायका पुढे जाड होत नाहीत, असे एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आले. जे तोवर शस्त्रक्रियेचे दुखणे समजले जात होते, तोच इलाज का होऊ नये? १९६६ साली मेसन आणि चिकाशी इटो यांनी अतिस्थूल रुग्णांसाठी जठराचा बायपास केला. जठराचा वरचा छोटा बटवा वेगळा करून तो आतड्याला जोडायचा. उरलेले मोठे जठर काढायचे नाही, आत तसेच ठेवायचे, फक्त अन्नाच्या वाटेतून बाजूला करायचे. पुढे याला रू यांचा तिठा जोडला गेला. १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या विट्ग्रोव्ह आणि क्लार्क यांनी ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचा वृत्तांत दिला, आणि जगभर तिचा प्रसार झाला. १९९७ पासून अमेरिकेतल्या रटलेज यांनी तिठ्याऐवजी एकाच जोडणीचा सोपा बायपास सुरू केला. त्याची आकृती बिलरोथ दोनशी नाते सांगणारी आहे. भारतात तो बराच केला जातो. मधुमेह आणि स्थूलपणा या दोन्हींवर या शस्त्रक्रिया खरोखर गुण देतात, हे विसरून चालणार नाही.

पण शरीराचा एक नियम इथे आडवा येतो. वजन झपाट्याने उतरले की पित्तात खडे धरतात. बायपासनंतर प्रतिबंधक औषध दिले नाही तर पहिल्या काही महिन्यांतच एक तृतीयांशाच्या आसपास रुग्णांत खडे दिसू लागतात. म्हणजे जी शस्त्रक्रिया फाटरच्या उंचवट्याची वाट लांबवते, तीच तिथे जाण्याची गरजही वाढवते. शिवाय हे रुग्ण तिशी-चाळिशीतले; पुढची चाळीस वर्षे ते या नव्या नकाशासह जगणार.

वाट किती लांबते याचा हिशेब करून पाहा. नेहमीची ईआरसीपीची दुर्बीण सुमारे सव्वा मीटर लांब. तिठ्याच्या बायपासमध्ये दातांपासून जठराच्या बटव्यापर्यंत साधारण हातभर, तिथून तिठ्यापर्यंत एक ते दीड मीटर आतडे, मग तिठ्यावर वळून पित्ताच्या शाखेतून उलटे वर अर्धा मीटर किंवा अधिक, आणि शेवटी आद्यांत्राचा वळसा मागच्या बाजूने. तिठ्यावर पाटी नसते. दोन शाखांपैकी कोणती पित्ताची, हे शिवणीच्या खुणा आणि पिवळा ओघ पाहून किंवा क्ष-किरणांच्या पडद्यावर दुर्बीण यकृताकडे सरकते आहे का ते पाहून ठरवावे लागते.

चार वाटा

या कोड्याची चार उत्तरे निघाली.

पहिले उत्तर जपानमधून आले. जिची वैद्यकीय विद्यापीठाचे हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ साली दोन फुग्यांची दुर्बीण जाहीर केली. लांब आतड्यात नुसती दुर्बीण ढकलली तर ती आतड्याला ताणते, पुढे जात नाही. यामामोतो यांनी दुर्बिणीवर एक बाहेरची नळी चढवली, आणि दोन्हींच्या टोकाला एकेक फुगा बसवला. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना आपण पिन पुढे सरकवतो, कापड मागे गोळा करतो, पुन्हा पिन पुढे. तीच युक्ती. एक फुगा आतडे धरून ठेवतो, दुसरा पुढे जातो, मग दोन्ही मिळून आतडे चुणून मागे घेतात. मीटरभर आतडे हातभर नळीवर गोळा होते. पण ही दुर्बीण समोर पाहणारी, तरफ नसलेली, आणि तिची आतली पोकळी अरुंद, त्यामुळे मोठे स्टेंट जात नाहीत. २०१३ साली अमेरिकेतल्या आठ केंद्रांनी अशा नळीच्या दुर्बिणींचा १२९ रुग्णांतला अनुभव मांडला: यश ६३ टक्के. उंचवट्यापर्यंत पोहोचलेल्यांत मात्र ते ८८ टक्के. अडचण दारापेक्षा वाटेचीच होती.

दुसरे उत्तर शल्यविशारदांचे. बाजूला पडलेले जठर पोटाच्या भिंतीलगत आणून त्याला खिडकी पाडायची आणि तिथून नेहमीचीच दुर्बीण आत सोडायची. तिथून आद्यांत्र अगदी जवळ. अमेरिकेतल्या बॅरन आणि व्हिकर्स यांनी १९९८ साली अशा खिडकीचा उपयोग मांडला. पुढे लॅपरोस्कोपीने ही खिडकी त्याच बैठकीत पाडता येऊ लागली. यशाचे प्रमाण फार चांगले, पण पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया, आणि दोन पथकांची एकाच वेळी जुळणी.

तिसरी वाट सर्वांत जुनी: त्वचेतून सुई यकृतात घालून थेट पित्तनलिकेत. हनोईत ह्युआर आणि दो झुआन होप यांनी १९३७ साली अशा सुईतून नलिकेचे चित्र घेतले होते. सत्तरच्या दशकात जपानच्या चिबा विद्यापीठातल्या बारीक सुईमुळे ती पद्धत सुरक्षित झाली. आतडे कसेही वळवलेले असो, यकृत आपल्या जागीच असते, हा तिचा मोठा आधार. पण बरगडीतून बाहेर लोंबणारी नळी आणि पित्ताची पिशवी घेऊन आठवडे काढणे रुग्णाला नकोसे होते. अनेक ठिकाणी आजही रात्री-बेरात्री जीव वाचवते ती हीच नळी.

चौथी वाट भिंतीच्या पलीकडे पाहणारी. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा डोळा बसवला की आतड्याच्या किंवा जठराच्या भिंतीपलीकडची नलिका दिसते. मार्सेयच्या जोव्हानिनी यांनी २००१ साली या डोळ्याच्या मदतीने भिंत ओलांडून पित्तनलिका आणि आतडे यांच्यात नवा जोड केला. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये केदिया, कहालेह आणि सहकाऱ्यांनी बायपासच्या रुग्णांसाठी आणखी सोपी कल्पना मांडली. जठराच्या छोट्या बटव्यातून बाजूला पडलेल्या मोठ्या जठरात डमरूच्या आकाराचा धातूचा रुंद स्टेंट बसवायचा आणि त्या बोगद्यातून नेहमीची दुर्बीण नेहमीच्या रस्त्याने न्यायची. म्हणजे मेसन यांनी जी भिंत उभी केली, तिला तात्पुरते दार पाडायचे. काम झाल्यावर ते दार बुजले आहे ना, हे पाहावे लागते; नाहीतर अन्न जुन्या वाटेने जाऊ लागते आणि उतरलेले वजन परत चढू शकते.

या चारही उत्तरांत एक गोष्ट सारखी आहे. ती सगळी मागून येणाऱ्यांनी शोधली. पुढे गेलेल्यांनी वाट बदलली आणि निघून गेले. त्यांच्यापुढे तेव्हा मरणाच्या दारातला रुग्ण होता, त्यांना दोष देता येत नाही. पण म्हणून, वाट बदलताना मागच्याचा विचार करता येतच नाही असे मात्र नाही.

दार उघडे ठेवणारे

मायामी विद्यापीठातले शल्यविशारद डंकन हटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे असे रुग्ण येत, ज्यांची पित्तनलिका पुन्हा पुन्हा आकसणार हे दिसतच होते. तिठ्याची शाखा नलिकेला जोडली, पण वर्षा-दोन वर्षांनी ती पुन्हा रुंद करावी लागणार. दर वेळी पोट उघडायचे? त्यांनी जोडणी करतानाच आतड्याच्या त्या शाखेचे मोकळे टोक पोटाच्या त्वचेखाली आणून ठेवले. १९८० च्या दशकात त्यांनी या पद्धतीचे वृत्तांत प्रसिद्ध केले. शल्यशास्त्रात तिला हटसनचे वळण म्हणतात. पुढे गरज पडली की त्या जागी छोटीशी चीर घ्यायची, आणि वीत-दीड वीत अंतरावर नलिका हाताशी. काही जण त्या टोकाला धातूची खूण लावतात, म्हणजे क्ष-किरणात ते लगेच सापडते. वजनाच्या शस्त्रक्रियेतही मॅल फोबी यांनी नव्वदच्या दशकात बाजूला पडलेल्या जठरावर क्ष-किरणात दिसणारी कडी बसवून ते पोटाच्या भिंतीला टेकवून ठेवण्याची पद्धत मांडली होती.

हे दोन्ही प्रयोग सगळीकडे रुजले नाहीत. जादा टाके, जादा वेळ, आणि बहुतेक रुग्णांना त्या दाराची गरज कधी पडतच नाही, ही कारणे आहेत आणि ती खोटी नाहीत. शंभर जणांच्या घरात दार ठेवून त्यातल्या पाच-सात जणांनीच ते वापरायचे, हा हिशेब शल्यविशारदाने कसा मांडावा, याचे एकच उत्तर नाही. पित्तनलिका पुन्हा आकसण्याची दाट शक्यता असेल तिथे तो विचार हवा. इतरांबाबत निदान शस्त्रक्रियेआधीच्या गप्पांत हा विषय निघायला हवा. वजन किती उतरेल हे रुग्णाला सांगितले जाते. पुढे खडा नलिकेत उतरला तर वाट लांबची असेल, हेही सांगितले पाहिजे.

त्याहून स्वस्त असे एक दार मात्र प्रत्येकाला ठेवता येते. ते कागदाचे आहे.

काविळीचा, तापाने फणफणलेला रुग्ण मोठ्या रुग्णालयात येतो. पोटावर जुना व्रण असतो. कधी वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी, आता हयात नसलेल्या डॉक्टरांनी केलेले ऑपरेशन. घरचे सांगतात, ‘आतड्याचं काहीतरी केलं होतं.’ बिलरोथ एक की दोन, तिठा आहे की नाही, शाखा किती लांब, पित्तनलिका जोडली होती की जठर, यातले काहीच ठाऊक नसते. आणि वर पाहिले तसे, कोणती दुर्बीण घ्यायची, कोणत्या वाटेने जायचे, की सरळ यकृतात सुई घालायची, हे सगळे त्या एका माहितीवर ठरते. ती नसेल तर डॉक्टर अंधारात वळणे मोजत जातात. लॅपरोस्कोपीच्या काळात तर बाहेरचा व्रणही काही सांगत नाही. पित्ताशय काढले तरी चार ठिपके, संपूर्ण पोटाचा रस्ता बदलला तरी चार-पाच ठिपके.

आपल्याकडे घरोघरी कॅरीबॅगेत कोंबलेली एक फाईल असते. तिच्यात रक्ताच्या तपासण्यांचे ढीग असतात, औषधांची बिले असतात, विम्याचे कागद असतात. ऑपरेशनची तपशीलवार नोंद मात्र बहुधा नसते, कारण ती रुग्णालयात राहते आणि घरी येते ते डिस्चार्ज कार्ड. त्यावर ऑपरेशनचे नाव एका ओळीत, तेही आद्याक्षरांत. ती नोंद मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. मागितली की प्रत मिळते. मागत कुणी नाही, कारण तिची गरज वीस वर्षांनी पडणार असते.

रू यांच्या तिठ्याचे चित्र काढायला चार रेघा पुरतात. जठर, दोन शाखा, खाली मिळणारी जागा, आणि शेजारी प्रत्येक शाखेची लांबी सेंटिमीटरमध्ये. डिस्चार्ज कार्डाच्या पाठीमागे तेवढे काढून द्यायला शल्यविशारदाला दोन मिनिटे लागतात. घरात कुणाचे असे ऑपरेशन झाले असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती कॅरीबॅग टाकून देण्याआधी एकदा उघडून पाहावी. चित्र नसेल, तर डॉक्टर हयात आहेत तोवर जाऊन काढून आणावे.